सक्करदरा ते सोनेगाव

विमानातून उतरलेल्या माणसाला भर उन्हात चालवत बसच्या थांब्यावर नेणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे घरमालक होते. गेल्या महिन्यात ते वारले. सगळा मोहल्ला त्यांना काकाजी म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. त्यात आपुलकी शोधू नये. शेवटची नऊ वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही आणि त्याची मला खंतही नव्हती.

काकाजी नागपूरला बर्डीवर, शहर बसच्या ऑफिसात, पासाच्या खिडकीमागे बसत. खिडकी वीतभर उंच. तिच्यातून त्यांना समोरच्याचा हात दिसे, अर्ज दिसे आणि फोटो दिसे. वर्षानुवर्षं असं बसल्यामुळे उरलेलाही एक माणूस असतो, हे त्यांच्या ध्यानातून गेलं असावं. पासवाले आणि बिनपासाचे, एवढीच त्यांच्या लेखी माणसांची वाटणी होती.

स्वतःचा पास ते रेक्झिनच्या पाकिटात घालून काळ्या दोऱ्यानं गळ्यात बांधत. आंघोळीच्या वेळी तो मोरीच्या कोनाड्यात ठेवावा लागे. तेवढ्या वेळात कोणी हाक मारली तर ओ देत नसत.

त्यांच्या मुलीला एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा बँकेत, घरची शेती पारशिवनीला. सगळं जमत आलं असताना काकाजींनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "बँकेत जाते कसा?"

"स्कुटर हाये न त्याच्यापाशी."

"मंग नाई जमत." मग त्यांनी कारणही सांगितलं. "स्कुटरवाला म्हंजे एकट्याचा मानूस. रस्त्यात पडला त उचलाले कोन हाये? बसमंदी मानूस पडूच शकत नाई. पडाले जागाच नसते."

ती मुलगी पुढे मुंबईला दिली. जावई बसनं कामावर जातो याची खात्री पत्र पाठवून करून घेतली होती. त्याच जावयानं एकदा हौसेनं सासऱ्यांना विमानाचं तिकीट काढून दिलं. मुंबईहून काकाजी विमानानं सोनेगावला उतरले. आमच्या मोहल्ल्यातला विमानात बसलेला तो दुसरा माणूस, पहिला माझा धाकटा भाऊ. जावयाचा एक मित्र मोटार घेऊन विमानतळावर उभा होता. काकाजींनी त्याला नमस्कार केला, पाकिटातून पास काढून दाखवला आणि वर्धा रोडच्या फाट्यापर्यंत ट्रंक डोक्यावर घेऊन चालत गेले. तिथून बसनं बर्डी, बर्डीहून दुसऱ्या बसनं सक्करदरा. मुंबई ते नागपूर जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ सोनेगाव ते घर लागला. याची त्यांना लाज वाटायला हवी होती. ते सहा महिने ती गोष्ट अभिमानानं सांगत होते.

"विमान कोनाचंई असो, पुस्तकबाबू," ते मला म्हणत, "बस आपली हाये."

पुस्तकबाबू म्हणजे मी. एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. वडील गेल्यावर आई, मी आणि धाकटा, असे तिघं त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. भाड्याचं बोलणं व्हायच्या आधी काकाजींनी विचारलं, "पास हाये का?"

मी म्हणालो, कॉलेज पायी जाण्याइतकं जवळ आहे, पासाचं काय करू?

"जवळ असन. पन पास असू द्या. पास असला की मानूस कोंडल्यावानी राहत नाई."

घर हवं होतं, म्हणून तिघांनीही पास काढले. मी माझा कधी वापरला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला काकाजी जिना चढून येत, नवे पास देत आणि जुने परत घेत. संपलेला पास भलत्याच्या हाती पडला तर गैरवापर होतो, असं त्यांचं म्हणणं. जुन्या पासाला ते खिशातल्या पंचनं भोक पाडत, दोऱ्यात ओवत आणि घरी पत्र्याच्या डब्यात ठेवत. भोक पाडण्यापूर्वी पास बोटांत धरून वाकवून बघायची त्यांची सवय होती. माझा पास कडक असे. तो वाकवताना त्यांचा चेहरा उतरायचा.

"महिनाभर कुठीच नाई गेला का गा?"

"गेलो. कॉलेजात."

"पास मऊ झाला पायजे, बाबू. पास वाकला नाई म्हंजे मानूस हलला नाई."

असल्या वाक्यांवर मी वाद घालत नसे. ग्रंथालयात दिवसभर शहाण्या लोकांच्या सोबतीत बसून आल्यावर संध्याकाळी अशा माणसाचं तत्त्वज्ञान ऐकावं लागतं, याचंच मला हसू येई. आईच्या पासाचंही हसू येई. ती मंगळवारी देवळात जाई, गुरुवारी दुपारी भजनाला जाते म्हणे, आणि एरवी घरी असे. तिला पास कशाला? पण ती निमूटपणे जुना देई, नवा घेई. तिच्या पासाला भोक पाडताना काकाजी काही बोलत नसत. बाईमाणूस म्हणून सोडून देत असावेत, असं मी धरून चाललो होतो.

धाकटा शिकायला अमेरिकेला गेला तेव्हा आम्ही त्याला पोचवायला सोनेगावला गेलो, तेही काकाजींच्या आग्रहानं बसनंच. आई खिडकीशी बसली होती, तो तिच्या शेजारी. मी मागे, मांडीवर सूटकेस घेऊन. पायांना मुंग्या येईपर्यंत. शेजारच्या घरांतून लोक हात हलवत होते आणि काकाजी कंडक्टरला सांगत होते, "इंजिनेरसाहेब अमेरिकेले जाऊन राहिले. पास हाये त्यायच्यापाशी." कंडक्टरनं पास बघितला आणि परत दिला. अमेरिकेचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही.

त्यानंतर सात वर्षं धाकटा आला नाही. मग पत्र आलं की मे महिन्यात पंधरा दिवसांसाठी येतो आहे. काकाजींनी दुसऱ्याच दिवशी त्याचा पास काढायला घेतला. पंधरा दिवसांसाठी पूर्ण महिन्याचा पास, आणि फोटो सात वर्षांपूर्वीचा, कॉलेजातला, डोक्यावर केसांचा टोप असलेला. तो फोटो आईनंच ट्रंकेतून काढून दिला. मी म्हणालो, "अहो, तो काय बसनं फिरणार आहे?" काकाजी फोटोवर अर्धा येईल असा शिक्का मारण्यात गुंतले होते.

तो यायच्या आठ दिवस आधी आईच्या छातीत दुखायला लागलं. धाकटा निघायच्याच तयारीत होता, वाटेत त्याच्या जिवाला घोर नको म्हणून मी त्याला तार केली नाही. तो निर्णय माझा.

तो यायचा त्या दिवशी सकाळी डॉक्टर तपासून गेले. जिन्यात मला म्हणाले, "आज तिच्यापासून हलू नका. मुलाला लवकर आणा." एवढंच. नागपूरचं ऊन सकाळी आठलाच भिंतीतून आत यायला लागलं होतं. कूलरचा वाळा मी दर अर्ध्या तासानं भिजवत होतो. काकाजी वर आले, मागून काकू. काकाजी म्हणाले, "तू बस आईपाशी. मी आनतो त्याले."

"टॅक्सीनं आणा," मी म्हणालो. "डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं ना?"

"हो, हो."

आईनं पाणी मागितलं. मी आत जाऊन पेला घेऊन आलो तेव्हा काकाजी तिच्या खाटेवर वाकून उभे होते. सरळ झाले, म्हणाले, "येतो वैनी," आणि गेले.

अकराला आईनं विचारलं, "उतरला असंल?"

"साडेअकराला उतरतं."

मग बारा झाले. टॅक्सीनं अर्धा तास, फार तर पाऊण. मी खिडकी आणि खाट यांच्यात फेऱ्या घालत होतो. आईचे डोळे मिटलेले होते, पण ओठ हलत होते. "फाट्यावर आला असंल," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "अजनी आली." मी तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. मला वाटलं, ती वातात बोलते आहे. एक वाजायच्या सुमारास ती म्हणाली, "बर्डी." मग तिनं दोनतीनदा तेच म्हटलं, "बर्डी. बर्डीच." जणू तिथे काहीतरी अडकलं होतं. सव्वाला ती गेली.

दोन वाजता जिन्यावर पावलं वाजली. धाकटा आत आला. सात वर्षांनी पाहिलं मी त्याला: दाढी ठेवलेली, डोक्यावरचे केस निम्मे गेलेले, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि शर्टाच्या खिशातून रेक्झिनचं पाकीट वर आलेलं. मागे काकाजी, खांद्यावर सूटकेस, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. त्यांनी खाटेकडे बघितलं. सूटकेस आवाज न करता खाली ठेवली आणि दुपट्टा सोडला.

मी त्यांना एकच वाक्य बोललो. "टॅक्सी केली असती तर तो साडेबाराला इथे असता."

"हो," ते म्हणाले.

बस, एवढंच. ना माफी, ना सबब. त्या 'हो'मधला निगरगट्टपणा मी नऊ वर्षं विसरलो नाही.

उशीर कसा झाला ते धाकट्यानं नंतर सांगितलं. फाट्यावर बस वेळेवर मिळाली होती. कंडक्टरनं पास बघितला, धाकट्याच्या तोंडाकडे बघितलं, परत पास बघितला.

"काकाजी, हा फोटो ह्यायचा नाई वाटत."

"त्यायचाच हाये. शिक्का माह्या हातचा हाये."

"तुमी म्हनता त असन. पन चेकर चढला त मले धरन न. एक तिकीट घेऊन टाका, झगडाच नाई."

धाकट्यानं खिशात हात घातला. काकाजींनी तो हात धरला. "पास असतानी तिकीट काहून? तिकीट घेतलं म्हंजे पास खोटा झाला."

बर्डीला उतरल्यावर सक्करदऱ्याची बस समोर उभी होती. त्या बसचा कंडक्टरही हाच प्रश्न विचारील, म्हणून काकाजी धाकट्याला घेऊन कंट्रोलरच्या खोलीकडे गेले. फोटो जुना आहे, माणूस तोच आहे, असं पासाच्या पाठीवर लिहून सही घ्यायची होती. कंट्रोलर जेवायला गेले होते. हे दोघं खोलीबाहेरच्या बाकावर बसले. पाऊण तास. धाकटा एकदा म्हणाला, "काका, टॅक्सी करू या का?" काकाजी म्हणाले, "पाच मिनिट." आईची तब्येत नरम आहे एवढंच त्याला काकाजींकडून कळलं होतं; किती नरम, ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सही झाली, शिक्का बसला, आणि पुढची बस पकडून ते आले. तो पास मी पाहिला. पाठीवर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'सदर इसम तोच आहे.'

तेराव्याला काकाजी जेवायला बसले असताना धाकट्याला म्हणाले, "पास अजून चालते. वाया घालू नोको." मला वाटलं, तो पान सोडून उठेल. तो मान हलवून "हो काका" म्हणाला, आणि खरोखर उरलेले दोन दिवस सकाळी दहाला बाहेर पडून संध्याकाळपर्यंत बसनं फिरला. कुठे जातोस, असं मी विचारलं नाही. मला त्याचा राग आला होता. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्यानंच मला विचारलं, "दादा, आई दर गुरुवारी कुठे जायची?"

"भजनाला," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग "हं" म्हणून पायांवर पाणी घ्यायला गेला.

परत जाताना त्याला विमानतळावर काकाजींनीच पोचवलं, बसनं. मी गेलो नाही. दोन महिन्यांत मी धरमपेठेत खोली बघितली आणि बिऱ्हाड तिथे हलवलं. शेवटचा पास परत घ्यायला काकाजी हातगाडीपर्यंत आले. मी तो त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी वाकवून बघितला, आणि पंच काढून भोक पाडलं. पुढे एकदा बर्डीच्या थांब्यावर ते उभे दिसले. गळ्यातलं पाकीट उंच करून त्यांनी मला दाखवलं, लहान मुलानं खेळणं दाखवावं तसं. मी समोरच्या दुकानाची पाटी वाचत पुढे गेलो.

ते गेल्याचं कळलं तेव्हाही मी लगेच गेलो नाही. काकूंनी दोनदा निरोप पाठवला, मग गेलो. त्या खालच्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. पुढ्यात पत्र्याचा डबा.

"तुयं सामान हाये यात," त्या म्हणाल्या. "ह्यायनं मोहल्ल्यातल्या सगळ्यायचे जुने पास ठेवले होते. ज्याचे त्याले देऊन राहिली. रद्दीत टाकाचं मन होत नाई."

त्यांनी दोन जुडगे माझ्यापुढे ठेवले. एक माझा. दुसरा आईचा. तिचा फोटो वरच होता, नऊवारीतला, शिक्क्यानं अर्धा निळा झालेला. त्याखाली काकाजींचं अक्षर: सक्करदरा ते सोनेगाव विमानतळ फाटा.

"हे चुकून लिहिलं असेल," मी म्हणालो. "देऊळ तर कोपऱ्यावर आहे."

"चुकून?" काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "तुले खरंच मालूम नाई? दर गुरुवारी जाये न ती. तुह्या भावाचं विमान गुरुवारी उडालं होतं, म्हनून गुरुवार. फाट्यावर उतरे, तारेच्या कुंपनापाशी उभी राहे. विमान उतरलं, मानसं बाहेर आली, की पाहून वापस. अंदर कधी गेली नाई. ह्यायले म्हने, भाऊजी, कोनाले सांगू नोका, पोरगं हासन."

पोरगं म्हणजे मी.

"आन् तुह्या भावाचा पास तिनंच काढाले लावला," काकू म्हणाल्या. "तिलेच जायचं होतं त्याले आनाले. दोघं मायलेक खिडकीपाशी बसून येतो म्हने. मंग बिमार पडली. त्या दिवशी तू पानी आनाले आत गेला न, तवा तिनं ह्यायचा हात धरला. म्हने, त्याले बसनंच आना. सात वर्सं मी ज्या रस्त्यानं एकटी वापस आली, त्याच रस्त्यानं तो येऊ द्या. मी इथं पडल्या पडल्या पाहत राहीन, कुठवर आला ते."

मी आईचा जुडगा उचलून मांडीवर घेतला. मग विचारलं, "काकाजींनी हे मला सांगितलं का नाही?"

"मी म्हनलं होतं, सांगून टाका. त म्हने, तिनं नोको म्हनलं होतं न. ती गेली म्हनून का तिची गोष्ट सांगत सुटाची?"

घरी येऊन चार दिवस मी हे सगळं शब्दाशब्दानं तपासलं. कंट्रोलरच्या खोलीपुढचा पाऊण तास काकाजींचाच होता, आणि तो मी त्यांना माफ करणार नाही. आईनं बसनं आणा म्हटलं होतं, शिक्क्यासाठी थांबा असं म्हटलं नव्हतं. एक तिकीट फाडून ते समोरची बस पकडू शकले असते. मरणाऱ्या बाईचा शब्द आणि पासाचा नियम, दोन्ही एकाच दिवशी सांभाळू पाहणारा माणूस मूर्खच म्हणायचा. हे मी काकूंना बोललो नाही. इथे लिहून ठेवतो.

पण तेव्हापासून दोन्ही जुडगे टेबलावर आहेत. आईचे पास हातात घेतले तर धुतलेल्या सुती कापडासारखे लागतात. कोपरे झिजून गोल झालेत, घड्यांवर शाई उडाली आहे. प्रत्येकाला नीट मधोमध भोक आहे. शेवटच्याला नाही. तो मे महिन्याचा, मुदत न संपलेला. तो त्यांनी तसाच दोऱ्याच्या गाठीत अडकवून ठेवला आहे.

शेजारचा जुडगा माझा. वरचा पास मी दोन बोटांत धरून वाकवून बघितला. तो अजून कडक आहे. त्याखालचाही.